जुन्या ट्रॅक्टरचा हँड थ्रॉटल जागेवर राहत नव्हता : एका दुरुस्तीचं पूर्ण प्रकरण

पार्श्वभूमी

ट्रॅक्टर जुना, तीन सिलेंडर डिझेल, मेकॅनिकल गव्हर्नरवाला (गव्हर्नर म्हणजे इंजिनची गती आपोआप सांभाळणारी यंत्रणा). मालकांना इथं नुसतं काका म्हणतो, ट्रॅक्टर ते आणि त्यांचा मुलगा दोघंही चालवतात. इंजिन चांगलं, कॉम्प्रेशन चांगलं, सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होतं. तक्रार एकच, रेसचा हात, म्हणजे इंजिनची गती ठरवणारा हँड थ्रॉटलचा लिव्हर, जागेवर थांबत नाही.

या ट्रॅक्टरची रचना आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. डॅशबोर्डच्या बाजूला एक ब्रॅकेट आहे, त्यातून १२ मिमीचा एक आडवा शाफ्ट जातो. शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला हाताचा लिव्हर, आतल्या टोकाला एक छोटा आर्म वेल्ड केलेला, त्या आर्मला रॉड आणि तो रॉड एका मधल्या सांध्यातून डिझेल पंपाच्या लिव्हरपर्यंत. हात जिथं सोडला तिथंच राहावा म्हणून ब्रॅकेटला लागून दोन फ्रिक्शन चकत्या, त्यावर बशीसारखे स्प्रिंग वॉशर आणि वरून नट. बस एवढंच. लिव्हर मुठीपासून शाफ्टपर्यंत साधारण २५० मिमी आणि आतला आर्म ५० मिमी, म्हणजे पाचास एक.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे हा हात डिझेल थेट कमीजास्त करत नाही, तो गव्हर्नरच्या स्प्रिंगवर ताण देतो आणि त्या ताणाप्रमाणे गव्हर्नर रेस धरून ठेवतो. ती स्प्रिंग लिव्हरला सतत आयडलिंगकडे, म्हणजे सगळ्यात कमी रेसकडे, ओढत असते. त्यामुळे चकत्यांनी पकड सोडली की हात आपोआप मागेच येणार, पुढे कधी जाणार नाही.

अडचण नेमकी काय होती

काम पीटीओवरचं होतं (पीटीओ म्हणजे जोडलेलं यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट), मळणीचं. या ट्रॅक्टरला इंजिन मिनिटाला १,६०० फेऱ्यांच्या आसपास असलं की पीटीओ ५४० वर येतो (मॉडेलप्रमाणे हा आकडा बदलतो, आपापल्या ट्रॅक्टरच्या मीटरवर खूण असते ती बघावी). हात १,६०० ला लावायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत तो हळूहळू सरकत १,३५० पर्यंत यायचा. म्हणजे पीटीओ ४५५ वर. एवढ्यावर मळणीयंत्र नीट झोडपत नाही, मागे माल अडकायला लागतो, मग कुणीतरी पळत येऊन परत रेस वाढवायची, असं दिवसभर.

काकांनी पहिला उपाय केला तो सगळेच करतात, नट आवळला. दोन दिवस बरं, परत तेच. परत आवळला. शेवटी हात दोन्ही हातांनी ओढावा लागायला लागला, तेव्हा परत सैल केला आणि मग लिव्हर तारेनं डॅशबोर्डच्या पट्टीला बांधून टाकला.

तार लावली आणि काम सुरळीत झालं हे खरं. पण एका संध्याकाळी तार न सोडताच मुलानं इंजिन बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारल्या मारल्या थंड इंजिन एकदम वर गेलं. तेलाचं प्रेशर अजून तयार झालेलं नाही, टर्बो नव्हता म्हणून बरं, पण बेअरिंगला ते सोसत नाही. त्यानं घाबरून बंद करायची दोरी ओढली तर ती अर्ध्यात अडकली. दोनतीन झटक्यांत बंद झालं एकदाचं. गिअर न्यूट्रलमध्ये होता हे नशीब. त्याच दिवशी मला बोलावणं आलं.

पहिला निर्णय : लिव्हरला हात लावण्याआधी बंद करायची दोरी

काकांचं म्हणणं होतं, "अरे तू आधी तो हात बघ, दोरीचं नंतर बघू." मी म्हटलं काका, नाही. डिझेल इंजिनला चावी फिरवून बंद होण्याची सोय या ट्रॅक्टरला नाही, डिझेल तोडलं तरच ते थांबतं आणि ते तोडणारी ही एकच दोरी आहे. आपण आता थ्रॉटलच्या सगळ्या सांध्यांशी खेळणार, एखादा रॉड उलटा बसला, काही अडकलं आणि रेस वर राहिली तर थांबवायचं कशानं?

केबल काढली, आतून पूर्ण गंजलेली. नवीन टाकली, पंपावरचा बंद करायचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का आणि दोरी सोडल्यावर पूर्ण परत येतो का ते बघितलं (परत पूर्ण आला नाही तर इंजिन ताकद कमी देतं आणि माणूस उगाच फिल्टर बदलत बसतो). मग इंजिन चालू करून तीन वेळा बंद करून बघितलं. अर्धा दिवस गेला त्यात, काका थोडे नाराज होते, पण या प्रकरणातला मला सगळ्यात पटलेला निर्णय हाच.

तपासणी, आणि तिथं काय सापडलं

लिव्हर हातात धरला की खडखड. मुठीजवळ जवळजवळ १५ मिमी इकडंतिकडं हलायचा आणि तोपर्यंत पंपाकडं काहीच पोचायचं नाही. साहजिकच सगळ्यांचं मत की हात झिजलाय, सांधे झिजलेत, म्हणून रेस पडते. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं.

मग इंजिन बंद ठेवून एकेक सांधा तपासला. पद्धत सोपी आहे, एकानं पंपाचा लिव्हर घट्ट धरायचा, दुसऱ्यानं वरून हात हलवायचा आणि प्रत्येक सांध्याला बोट लावून कुठं किती लूज आहे ते बघत जायचं. सगळं मिळून आर्मच्या टोकाला ३ मिमी भरलं, पाचपट केलं की मुठीजवळचे १५ बरोबर जुळतात. यात अर्धा वाटा मधल्या सांध्याचा, तिथं मूळ पिन जाऊन कुणीतरी खिळा वाकवून घातलेला, बाकी वरच्या शाफ्टचा आणि लिव्हरच्या पकडीचा.

आता हिशोब करा. आर्मचा पूर्ण प्रवास साधारण ५० मिमी आणि त्यात रेस ७०० पासून २,२०० पर्यंत जाते, म्हणजे १,५०० चा पल्ला. ३ मिमी म्हणजे ६ टक्के, म्हणजे फार तर ९० चा फरक. आमची रेस तर २५० नं पडत होती. आणि खरं बघितलं तर ते ९० सुद्धा पडायला नकोत, कारण गव्हर्नरची स्प्रिंग सगळे सांधे कायम एकाच बाजूला ओढून धरते, चालू असताना लूजपणा त्या बाजूला बसलेलाच असतो. खडखड हाताला जाणवत होती, पण रेस पडण्याचं कारण ती नव्हती.

कारण चकत्यांकडं होतं. नट खोलला तर दोन्ही चकत्या तेलानं चिंब आणि काचेसारख्या गुळगुळीत. जाम होऊ नये म्हणून दर महिन्याला तिथं तेल सोडलं जात होतं, मनापासून, काळजीनं, आणि नेमक्या त्याच जागी तेल नको होतं. बशी वॉशर दाबून दाबून सपाट झालेले, त्यांच्यात स्प्रिंगपणा उरला नव्हता. नट सारखा सैल का व्हायचा तेही कळलं. नटाखालच्या वॉशरला आत एक जीभ असते, ती शाफ्टच्या खाचेत बसते, म्हणजे वॉशर शाफ्टबरोबर फिरतो आणि नटाला घासलं जात नाही. ती जीभ तुटलेली होती, त्यामुळे हात पुढंमागं केला की दर वेळी नट थोडाथोडा उलटा फिरत होता.

शाफ्ट व्हर्निअरनं मोजला, ब्रॅकेटमध्ये बसतो तिथं ११.५ मिमी, ब्रॅकेटचं भोक एका बाजूला १२.२ आणि आडवं १२.८, स्पष्ट लंबगोल. लिव्हरचं आतलं दातेरी भोक पुसट झालेलं आणि त्याची चीर बोल्टनं आवळून आवळून पूर्ण मिटलेली, म्हणजे अजून आवळायला जागाच नाही.

जुन्या चकत्यांबद्दल एक, त्या काळातल्या फ्रिक्शनच्या सामानात ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवेचा पाइप मारायचा नाही, कोरडा सँडपेपर घासायचा नाही, ओल्या कपड्यानं पुसून पिशवीत घालून बाजूला ठेवायचं. मुलगा हवा मारायलाच निघाला होता, त्याला थांबवलं.

समोर काय काय पर्याय होते

पूर्ण सेट नवीन घालायचा हा पहिला विचार. मूळ सेट कुठं मिळाला नाही, दुसऱ्या बनावटीचा एक मिळाला पण त्याचा आर्म मूळच्यापेक्षा वेगळ्या वाकाचा, रॉड बॉनेटच्या आतल्या पत्र्याला घासला असता. नाकारला.

सगळं वेल्डिंगनं भरून परत घासून काढायचं, हे काकांच्या ओळखीच्या वेल्डरचं मत. आम्ही लिव्हरची ग्राइंडरवर ठिणगी बघितली. आर्मची ठिणगी लांब, पिवळसर पांढरी, म्हणजे साधं पोलाद. लिव्हरची आखूड आणि लालसर, म्हणजे बीड (कास्ट आयर्न). बिडाला वेल्डिंगचा साधा रॉड मारला की शेजारी तडा जाण्याची भीती, आणि वर आतले दाते परत पाडणार कुठं? तो मार्गही बंद.

हात काढून टाकून केबलवाला थ्रॉटल बसवायचा, हा मुलाचा विचार. वाईट नाही, पण केबल वाकते तिथं घासते आणि पकडीचा प्रश्न नवीन जागी परत उभा राहतो.

राहिले दोन. एक म्हणजे नुसत्या चकत्या, बशी वॉशर आणि जिभेचा वॉशर बदलायचा, एका दिवसाचं काम. दुसरं म्हणजे त्याबरोबर शाफ्ट, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी) आणि लिव्हरची पकड सगळं लेथवर नवीन करून घ्यायचं, त्याला तीनचार दिवस ट्रॅक्टर उभा.

दुसरा निर्णय : घाईत छोटं काम निवडलं

मळणी अर्धी राहिली होती, काका म्हणाले आत्ता चकत्या टाक, बाकीचं काम संपल्यावर. हिशोबानं तर दोष चकत्यांचाच दिसत होता, त्यामुळे मीही हो म्हटलं. तिथं माझं चुकलं.

नवीन चकत्या घातल्या, पहिला दिवस हात एकदम घट्ट. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर परत सरकायला लागला. खोलून बघितलं तर चकतीवर एकाच कडेला घासल्याची चमक, बाकी चकती कोरी. शाफ्ट लंबगोल भोकात तिरका बसत होता, त्यामुळे चकत्या सपाट दाबल्याच जात नव्हत्या, एका कडेवर सगळा भार. इंजिनच्या थरथरीनं तो तिरका शाफ्ट हलत राहायचा आणि ती कडही पकड सोडायची. म्हणजे झिजलेला शाफ्ट थेट रेस पाडत नव्हता, पण चकत्यांना काम करू देत नव्हता. मोजताना १२.२ आणि १२.८ हे आकडे माझ्यासमोर होते, मी ते फक्त खडखडीच्या खात्यात टाकले. चकती आणि शाफ्ट ही एकाच पकडीची दोन अंगं आहेत हा विचार तेव्हाच करायला हवा होता. एक चकतीचा जोड वाया गेला आणि परत एकदा सगळं खोलावं लागलं.

पूर्ण काम

ब्रॅकेट ट्रॅक्टरवरून सोडवला. लेथवाल्या टर्नरदादांनी भोक १६ मिमीला गोल बोर केलं आणि त्यात बुश. इथं बराच विचार झाला, गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश घालायचा का तेल मुरवलेला सिंटर्ड (धातूची पूड दाबून, भाजून केलेला). गनमेटलला ग्रीस द्यावं लागणार आणि ग्रीस फिरून फिरून चकत्यांवर येणार, मग जे तेलानं झालं तेच परत. म्हणून तेल मुरवलेला घेतला, त्याला वरून काही द्यायला लागत नाही. त्याची एक अट असते, दाबून बसवल्यावर आतून रिमर (भोक मापात आणायचं हत्यार) मारायचा नाही, मारला की बुशची बारीक छिद्रं चोपून बंद होतात आणि मुरवलेलं तेल बाहेर येत नाही. दाबला की बुश आतून थोडा आकसतो, त्यामुळे १२ मिमीच्या शाफ्टपेक्षा कणभर जाड मापाची गुळगुळीत खुंटी आत घालूनच तो दाबला, बुश तिच्यावर आकसला आणि खुंटी काढल्यावर शाफ्ट हातानं फिरेल पण हलणार नाही असा बसला. टर्नरदादांना हे माहीत होतं, मला नव्हतं, त्यांच्याकडून शिकलो.

शाफ्ट १२ मिमीच्या ब्राइट बारचा नवीन केला, नटासाठी आंटे आणि जिभेच्या वॉशरसाठी खाच पाडून घेतली. जुना आर्म कापून नव्या शाफ्टला वेल्ड केला, पण तो टेबलवर, ट्रॅक्टरपासून लांब. डिझेलचे पाइप, टाकी आणि बॅटरीच्या शेजारी वेल्डिंग करू नये, आणि बुश आत असताना शाफ्ट तापवू नये, त्यातलं तेल जळतं. म्हणून आधी वेल्डिंग, गार झाल्यावर जोडणी.

लिव्हरचं पुसट दातेरी भोक बोर करून त्यात पोलादी स्लीव्ह दाबली आणि लिव्हर, स्लीव्ह, शाफ्ट तिन्हीतून आडवी ४ मिमीची स्प्रिंग पिन. शाफ्टच्या जाडीच्या एक तृतीयांशपेक्षा जाड पिन घालू नये, नाहीतर शाफ्टच कमजोर होतो, १२ ला ४ बरोबर बसतं. मधल्या सांध्यातला खिळा फेकला, भोक गोल करून योग्य मापाची पिन आणि स्प्लिट पिन घातली.

तिसरा निर्णय, जो परत सुधारावा लागला

दातेरी पकड असली की लिव्हर एकदोन दाते पुढंमागं बसवता येतो. आडवी पिन घातली की कोन कायमचा ठरला. आम्ही तो कोन लेथवरच, जुन्या शाफ्टकडं बघून अंदाजानं ठरवला आणि भोक पाडलं. ट्रॅक्टरवर बसवल्यावर कळलं की हात डॅशबोर्डच्या खाचेच्या शेवटाला टेकतो तरी पंपाचा लिव्हर त्याच्या वरच्या स्टॉपपर्यंत पोचत नाही, थोडं अंतर राहतं. मोजलं तर कोन ८ अंशांनी चुकलेला, ५० मिमीच्या आर्मवर ते ७ मिमी होतात.

यावर दोन रस्ते होते, पिनेचं दुसरं भोक पाडायचं किंवा रॉडची लांबी वाढवायची. एवढ्या बारीक शाफ्टला जवळजवळ एकाच जागी दोन भोकं नकोत. रॉडचं टोक आंट्यांवर फिरतं, ८ मिमीचे आंटे, एका फेऱ्याला १.२५ मिमी, म्हणजे सहा फेरे बाहेर काढले की ७.५ मिमी आणि प्रश्न सुटला असं वाटलं. पण मोजलं तर टोकात फक्त चारपाच आंटे अडकलेले राहिले. पोलादात निदान आंट्याच्या जाडीएवढी लांबी अडकलेली हवी, ८ मिमीला म्हणजे साडेसहा आंट्यांच्या आसपास. थरथरीत ते टोक निसटलं असतं, म्हणून लांब आंट्यांचा नवीन रॉड करून घेतला, चेकनट लावून. अर्धा दिवस परत गेला.

दोन्ही टोकांना हाताच्या खाचेचा शेवट येण्याआधी पंपाचा स्वतःचा स्टॉप लागला पाहिजे, आणि लागल्यावर हातानं अजून जोर देऊन पंपाचा लिव्हर वाकवायचा नाही, हे काकांना आणि मुलाला दोघांनाही दाखवलं. पंपावरच्या सीलबंद स्क्रूला कुणीही हात लावला नाही. रेस कमी पडते म्हणून तो स्क्रू फिरवायचा मोह होतो, पण आपला रॉड आखूड असला तर तो पंपाचा दोष नाही.

चकत्या किती आवळायच्या

अंदाजानं आवळायचं नाही असं ठरवलं. स्प्रिंगचा वजनकाटा घेतला, इंजिन बंद ठेवून रॉड सोडवला आणि पंपाचा लिव्हर वरच्या टोकाला धरायला किती ओढ लागते ते बघितलं, साधारण ३ किलो. पाचास एक असल्यानं मुठीजवळ ते ६०० ग्रॅम होतात. थरथर आहे म्हणून तिप्पटचौपट राखीव धरायची, म्हणजे काटा मुठीला लावून २ किलोच्या आसपास हात सरकायला लागला पाहिजे. तेवढाच नायलॉकचा नट (आत नायलॉनची कडी असल्यानं सहज सैल न होणारा) आवळला. एका हातानं सहज हलतो आणि सोडला की तिथंच राहतो. काका दोन्ही हातांनी ओढायचे तेव्हा नट या कितीतरी पलीकडे आवळलेला असणार.

परिणाम

लिव्हरच्या शेजारी खडूची रेघ मारली, १,६०० ला लावला, मळणीयंत्र जोडून एक तास चालवलं. हात रेघेवरून हलला नाही. पीटीओची गती चमकपट्टी लावून लांबून मोजायच्या टॅकोमीटरनं बघितली, गार्ड जागेवर ठेवूनच. मोकळ्यावर ५४० च्या थोडी वर, भार आला की थोडी उतरते आणि परत सावरते, ते गव्हर्नरचं काम आहे आणि तेवढं चालायचंच.

तीन आठवड्यांनी नट पाव फेरा आवळावा लागला, नवीन चकत्या बसतात तेव्हा होतं तसं. त्यानंतर पूर्ण हंगाम हात लावावा लागला नाही. मुठीजवळचा १५ मिमीचा लूजपणा २-३ मिमीवर आला.

एक गोष्ट राहिली. आयडलिंगला रेस किंचित वरखाली होते, झोके घेतल्यासारखी. रॉड सोडवून बघितला तरी तसंच होतं, म्हणजे ते पंपाच्या आतलं आहे. काम अडत नाही म्हणून पंप उघडला नाही, पंपाच्या टेस्ट बेंचवर जाईल तेव्हा बघतील.

परत करायचं झालं तर

दोरीचं काम पहिल्यांदाच, यात बदल नाही.

चकत्यांवर एकट्यानं भरवसा ठेवला नसता. मळणी अर्धी होती हे खरं, पण दोन दिवस चालून तिसऱ्या दिवशी परत उभं राहण्यापेक्षा आधीच तीन दिवस उभा केला असता तर काम लवकर संपलं असतं. किंवा निदान चकत्या टाकताना भोकात पातळ पत्र्याची तात्पुरती गुंडाळी घालून शाफ्ट सरळ तरी केला असता.

तार दिसली त्या दिवशीच ती काढून टाकायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी मधे एकदा दुसऱ्या कामाला गेलो होतो तेव्हा ती तार बघितली होती आणि काही बोललो नव्हतो. ते अजून मनाला लागतं, कारण त्या सकाळी गिअर पडलेला असता तर पुढं मुलाची आई उभी होती.

आणि पिनेचं भोक लेथवर पाडलं नसतं. लिव्हर शाफ्टवर नुसता घट्ट बसवून सगळं ट्रॅक्टरवर लावायचं, पंपाचे दोन्ही स्टॉप लागतात हे डोळ्यांनी बघायचं, मग लिव्हर आणि शाफ्ट दोन्हीवर मिळून छिन्नीनं एक रेघ मारायची, आणि ती रेघ जुळवून लेथवर भोक पाडायचं. आता ती रेघ आम्ही मारून ठेवली आहे, पुढं कधी पिन बदलायची वेळ आली तर कोन शोधत बसायला नको.